मूठभर अक्षता

"काकू, फॅनमध्ये तांदूळ अडकलेत," राजरत्न हळूच म्हणाला. "कुंकू पण आहे. फॅन फिरलाच नाही, पडद्यावर चित्र आणणारं कार्ड तापून गेलं."

सुमतीबाईंनी चटकन खिडकीकडे पाहिलं. मानपाड्याच्या या कॉम्प्युटरवाल्याने नुसतं 'जुनं झालं होतं' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यांनी ते तांदूळ मुठीत लपवले. खिडकीशी खुर्चीत बसलेले त्यांचे यजमान हरिहरराव इकडेच बघत होते.

दसऱ्याला या कॉम्प्युटरची पूजा तेच करायचे. यंदा पक्षाघाताने त्यांची वाचा गेली, उजवा हात गेला, म्हणून सुमतीबाईंनी केली. झाकण काढलं, आत फिरतो तो पंखाच यंत्राचा जीव समजून तिथेच हळदकुंकू वाहिलं. वर अक्षता, यांना बोलता येऊ दे म्हणत, चांगल्या मूठभर.

आणि पडदाच गेला. डाव्या हाताच्या एका बोटाने हरिहरराव त्यावर लिहीत, तेवढंच त्यांचं बोलणं होतं. मोबाइलवर बोट थरथरायचं. दसऱ्यापासून माणूस घरात असून नसल्यासारखा झाला होता.

राजरत्नने नवं कार्ड बसवलं. पडदा काळाच राहिला, कोपऱ्यात एक रेघ तेवढी लुकलुकत होती.

"विंडोज नाही, लिनक्स आहे ना, जुन्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, आडवा येतोय. काढतो, पण पासवर्ड लागेल. नाहीतर सगळं पुसून नवीन टाकायचं. काकांनी बनवलेलं पण जाईल मग."

ती मोठाली अक्षरं, एका बोटाला जमेल अशी मांडणी, सगळं हरिहररावांनी आजारातून उठून स्वतः जुळवलेलं. पासवर्डही त्यांनाच ठाऊक.

राजरत्नने कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. "काका, टाइप केलेलं दिसणार नाही हं. आणि जरा पटापट, मिनिटभरात बंद होतं ते."

बोट चाचपडत राहिलं. वेळ संपली. दुसऱ्यांदा चुकलं. हरिहररावांच्या कपाळावर घाम आला. सुमतीबाईंना वाटलं, आपणच या माणसाची जीभ कापली.

"राहू दे का, काका?"

हरिहररावांनी नाही अशी मान हलवली. सुमतीबाईंनी सवयीने तोंड फिरवलं. पासवर्ड टाकताना कुणी बघितलेलं त्यांना खपत नसे. या वेळी एकेक कळ न अडखळता वाजत गेली.

"झालं," राजरत्न म्हणाला आणि भराभर कामाला लागला. थोड्या वेळाने यंत्र पुन्हा सुरू झालं, पडदा उजळला.

हरिहररावांनी सावकाश लिहिलं, 'पुढच्या वर्षी नुसतं फूल वाहा.'

सुमतीबाईंनी मूठ उघडली. तांदळांचं कुंकू घामाने तळहाताला लागलं होतं.