अधिक श्रावणातली फाईल

पेणला रामवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे मोरोपंत गेली दोन वर्षं एकाच प्रश्नावर विचार करत होते. घरच्या रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरवर विंडोज कोणतं ठेवावं? सात, दहा की अकरा? माणसं याहून कमी वेळात मुलीचं लग्न ठरवतात. खुद्द मोरोपंतांनी आपल्या ऋजुताचं अडीच आठवड्यांत ठरवलं होतं, आणि त्यात पितृपक्षाचे पाच दिवस फुकट गेलेले धरलेले होते.

प्रश्न वरवर दिसतो तेवढा सोपा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते ऐकायला घरात कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पत्नी श्यामलाबाई ऋजुताच्या बाळंतपणासाठी सहा महिने म्हणून कॅनडाला गेल्या, त्याला अडीच वर्षं होऊन गेली होती. नात आता पाळणाघरात जायची, पण बाळंतपण काही संपलेलं नव्हतं. रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. श्यामलाबाई विचारायच्या, "जेवलात का?" मोरोपंत सांगायचे, "जेवलो." मग दोघंही थोडा वेळ स्वतःचाच चेहरा स्क्रीनच्या कोपऱ्यात बघत बसायचे.

मोरोपंत कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एक हार्मोनियम, दोन माइक आणि लाल पत्र्याची एक पेटी होती. माइकमधला आवाज कॉम्प्युटरला कळेल असा करून देणं हे त्या पेटीचं काम. पेटीला सात चालायचं. दहावर ती तव्यात मोहरी पडल्यासारखी तडतडायची. नव्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला सात चालत नव्हतं. दहाची मुदत गेल्या दिवाळीच्या तोंडावर संपली होती, आणि अकराला मोरोपंतांचं मशीनच पसंत नव्हतं.

शेवटी त्यांनी शंभरपानी वहीत रीतसर पत्रिका जुळवून पाहिल्या. सात आणि लाल पेटी : छत्तीसपैकी एकोणतीस गुण. दहा आणि लाल पेटी : सोळा. अकरा : नाडीदोष, विषय बंद. वही घेऊन ते महिन्यातून एकदा रामवाडीच्या नाक्यावर रोहिणीच्या दुकानात जायचे. रोहिणी त्यांची जुनी विद्यार्थिनी. कॉम्प्युटर दुरुस्ती आणि झेरॉक्स असं तिचं दुकान होतं आणि गेली पंधरा वर्षं ती ते एकटी चालवत होती.

"सर, एकोणतीस गुण म्हणजे लावून टाका की लग्न," ती स्क्रू फिरवता फिरवता म्हणायची.

"सातला आता कोणी वाली नाही, रोहिणी. व्हायरस शिरला तर?"

"नेट काढून टाका. कोणाशी बोलायचंच नाय म्हटल्यावर आजार कुठून लागणार?"

"तसं एकटं ठेवणं बरं नाही," मोरोपंत म्हणायचे. "विचार करतो."

"करा. मशीन तर मरतच नाय तुमचं. माझाच धंदा बसवलात."

खरी गोष्ट अशी होती, की विंडोजचा प्रश्न सुटू नये अशी मोरोपंतांची मनापासून इच्छा होती. तो सुटला असता तर त्यांना रोह्याला जाऊन बाबाजींना तोंड दाखवावं लागलं असतं.

बाबाजी रोह्याचे. स्टेशनपासून तीन मैल आत त्यांची वाडी. धाटावच्या एका कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केली, उरलेल्या वेळात भात आणि वाल. पखवाज मात्र असा वाजवायचे, की गणितातला माणूसही मोजणं विसरून जाई. दर एकादशीला ते पखवाज गोधडीत गुंडाळून सकाळच्या गाडीने पेणला उतरत. मग मोरोपंतांची हार्मोनियम, बाबाजींचा पखवाज, दोघांचं भजन, मध्ये साबुदाण्याची खिचडी आणि चारची गाडी. हे आठ वर्षं चाललं. प्रत्येक एकादशीचं रेकॉर्डिंग मोरोपंत जपून ठेवत. शके अमुक, असा एक फोल्डर, आणि आत फाईलचं नाव तिथीवरून. कार्तिक शु. ११. माघ व. ११. इंग्रजी तारीख घालावी असं त्यांना कधी सुचलंच नाही. तारीख ही लाइटबिलासाठी असते, असं त्यांचं मत होतं.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात बाबाजींच्या पत्नी, रंभावहिनी, पेणला डोळे दाखवायला म्हणून बरोबर आल्या. डॉक्टर दुपारी भेटणार होता. तोवर बसल्या बसल्या त्यांनी एक गाणं म्हटलं. भात लावताना वाकल्या वाकल्या म्हणायचं गाणं, पाच कडव्यांचं, त्यांच्या आईकडून आलेलं. आवाज थोडा फाटका होता, पण ओल्या बांधावरून यावा तसा यायचा. मोरोपंतांनी आपल्या आयुष्यात केलेलं ते सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग. त्यांनी फाईलला नाव दिलं : श्रावण शु. ११.

त्या वर्षी श्रावण दोन होते. आधी अधिक, मग निज. ही गोष्ट मोरोपंतांना ठाऊक नव्हती असं कोणी म्हणू नये. अधिक मास का येतो, यावर ते दारात दूधवाल्याला उभं करून वीस मिनिटं बोललेले होते. महिन्याभराने निज श्रावणातली एकादशी आली, नेहमीचं भजन झालं, आणि मोरोपंतांनी फाईलला नाव दिलं : श्रावण शु. ११.

कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का?

कॉम्प्युटर हा संशयी प्राणी आहे, येता जाता काहीतरी विचारत असतो. मोरोपंतांनी 'होय' दाबलं. पुढे डिस्क भरत आली म्हणून त्यांनी न लागणारे तुकडेही साफ करून टाकले. गणिताच्या माणसाला पुसलेला फळा आवडतो.

माघात रंभावहिनी गेल्या. ताप आला, चार दिवस अंगावर काढला, संपलं. तेरावं झाल्यावर बाबाजी म्हणाले, "सर, तिचं तेवडं गानं द्या. पोरांच्या मोबाइलवर घालतो."

मोरोपंतांनी फाईल उघडली. आतून त्यांचं स्वतःचं भजन सुरू झालं, आणि तेही तिसऱ्या ओळीला बेसूर. रात्रभर त्यांनी सगळे फोल्डर उपसले. पुढच्या एकादशीला बाबाजी दारात उभे राहिले, तेव्हा मोरोपंतांच्या तोंडून निघालं, "कॉम्प्युटर बदलायचा आहे, बाबाजी. विंडोज कोणतं घ्यायचं ते ठरलं की देतो."

खोटं बोलण्याची सवय नसली की माणूस पहिलंच खोटं फार टिकाऊ बोलतो. बाबाजी त्यानंतर तीन एकादश्या आले. भजन करताना त्यांची नजर कॉम्प्युटरकडे जायची. मग मोरोपंतांना एका एकादशीला ताप आला, एका एकादशीला पुण्याचं काम निघालं. त्यानंतर बाबाजींनी फोन करून विचारणं सोडलं. साबुदाणा भिजवायचं भांडं मोरोपंतांनी वरच्या फळीवर ठेवून दिलं.

या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. मे महिना, अंगाची काहिली, आणि एका सकाळी फोन वाजला.

"सर, वळखलंत का?"

"बाबाजी! अहो, असं काय विचारता?"

"पुन्ना धोंड्याचा म्हयना आला बगा. तीन वर्सं झाली तिच्या गान्याला. तुमच्या काम्पुटरचा काय ठरला का?"

मोरोपंतांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीत गणपतीच्या कच्च्या मूर्ती उन्हात वाळत ठेवल्या होत्या, अजून डोळे न काढलेल्या. त्यातल्या त्यात त्यांच्याकडे बघणं सोपं होतं.

"एकादशीला मीच येतो रोह्याला," ते म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी कॉम्प्युटर रिक्षात घालून रोहिणीच्या दुकानात नेला आणि तिला सगळं सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं, त्यामुळे ते फार थोडक्यात झालं. रोहिणीने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"म्हणजे ते पत्रिका, गुण, नाडीदोष..."

"हो."

"सर, तुम्ही आम्हाला एका मार्कासाठी नापास करायचात."

ती एवढंच बोलली आणि डिस्क काढून शोधायला बसली. तिसऱ्या दिवशी तिने बोलावलं. गाणं गेलं होतं, ते कायमचंच. पण नाव न देता सोडून दिलेलं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर भलत्याच फोल्डरात टाकतं. माइक तपासायला म्हणून मोरोपंतांनी त्या दिवशी आधी बटण दाबलं होतं, तो तुकडा तिथे पडून होता. एक मिनिट चाळीस सेकंद. त्याचं नाव कोणी ठेवलं नव्हतं, म्हणून तो वाचला.

"ऐकू का?" मोरोपंतांनी विचारलं.

"मी ऐकलंय," रोहिणी म्हणाली. "तुम्ही तिकडंच ऐका."

एकादशीला मोरोपंत रोह्याला उतरले. खिशात पेनड्राइव्ह, पिशवीत लॅपटॉप, तोही रोहिणीचा. बाबाजी ओटीवर बसले होते. केस पांढरे झालेले, बाकी तेच. सून पाणी ठेवून आत गेली. पखवाज कोपऱ्यात गोधडीतच होता.

"बसा सर. उनाचे आलाव."

मोरोपंत बसले नाहीत. वर्गात उभं राहून उत्तर चुकलं असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. दोन श्रावण, एकच नाव, 'होय' दाबलं ते, आणि नंतर दोन वर्षं जे बोलले ते.

बाबाजींनी ओटीवर चढू पाहणारी कोंबडी हाकलली.

"म्हंजे गानं नाय."

"नाही."

"तवाच का नाय बोललाव?"

याला उत्तर होतं, पण ते शंभरपानी वहीत होतं.

"तिची भयीन व्हती नागोठण्याला," बाबाजी म्हणाले. "धाकटी. तिला आख्खं येत व्हतं, पाचीच्या पाची कडवी. तुमच्याकडं हाय म्हनून मी तिला कंदी म्हनायला लावलं नाय. शिमग्यात ती पन गेली."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मोरोपंतांना बसता आलं असतं.

"मला कसं येनार?" बाबाजी पुढे म्हणाले, जणू कोणी विचारलंच होतं. "ती म्हनायची तवा मी ठेका ऐकायचो. शबुद तिचे, ठेका माजा."

मोरोपंतांनी लॅपटॉप उघडला आणि तो तुकडा लावला. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग रंभावहिनी, इतक्या जवळून की आतल्या खोलीत सून हातातलं काम टाकून उभी राहिली.

"अवो सर, ह्या वायरी किती! बैल बांधलाय का कोन?"

मागे बाबाजींचं हसणं. मग त्या एकदम गाऊ लागल्या. एक ओळ. दुसऱ्या ओळीचा निम्मा भाग. आणि त्यावर मोरोपंतांचा आवाज, मास्तरी, खणखणीत :

"थांबा, थांबा वहिनी! मी अजून सुरू केलेलं नाही. आधी माइकपासून अंतर समजून घ्या."

पुढचं मिनिटभर माइकपासून अंतर किती असावं, का असावं, आणि अंतर दुप्पट झालं तर आवाज किती पट कमी होतो, याचं विवेचन होतं. मध्ये एकदा रंभावहिनींचं "व्हय" ऐकू आलं. मग बटण बंद.

बाबाजींनी हाताने खूण केली. मोरोपंतांनी परत लावलं. बाबाजींनी तिसऱ्यांदाही लावायला सांगितलं, आणि मोरोपंतांना चौथ्यांदा स्वतःचं ते विवेचन पूर्ण ऐकावं लागेल असं वाटत असतानाच म्हणाले,

"लय बोलता सर तुमी."

"हो," मोरोपंत म्हणाले.

बाबाजींनी पेनड्राइव्ह घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि आत जाऊन कुठेतरी ठेवून आले. घरात तो लावायला यंत्र नव्हतं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "ती लाल पेटी हाय ना अजून? ती ऱ्हाऊ दे. तिच्यातनं गेलीय ती आत."

"पुढच्या एकादशीला याल?" मोरोपंतांनी विचारलं. विचारायचा आपल्याला हक्क नाही हे त्यांना तोंड उघडल्यावर कळलं.

"बगू," बाबाजी म्हणाले. "पेरन्या हायत."

परत येताना गाडीत मोरोपंतांनी रोहिणीला फोन केला. विंडोजचा निर्णय चौदा सेकंदांत झाला. सात. नेट काढून.

"एकटं बरं नाय म्हणत होतात," रोहिणी म्हणाली.

"सवय होते," मोरोपंत म्हणाले.

वद्य एकादशीला त्यांनी वरच्या फळीवरचं भांडं काढलं आणि साबुदाणा दोघांपुरता भिजवला. रोह्याची सकाळची गाडी आली, गेली. जिन्यात पावलं वाजली ती समोरच्या बिऱ्हाडाची. अकरा वाजता त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. सात मुकाट्याने उघडलं. काही विचारलं नाही, कशाला परवानगी मागितली नाही. मोरोपंतांनी या खेपेला आधी नाव दिलं : अधिक ज्येष्ठ व. ११, शके १९४८, आणि पुढे, आयुष्यात पहिल्यांदा, इंग्रजी तारीख. दोन माइक लावले. एक हार्मोनियमसमोर. दुसरा जमिनीलगत, पखवाज जिथे असायचा तिथे.

मग त्यांनी बटण दाबलं, भात्यावर हात ठेवला, आणि पहिलं एक मिनिट चाळीस सेकंद काहीही बोलले नाहीत.