उन्हाळी टायरवरची वरात

आमच्या खोऱ्यात माझ्या नवऱ्याला कुणी रुपर्ट म्हणत नाही, ‘सात अंश’ म्हणतात. पारा सात अंशांखाली गेला की उन्हाळी टायरचं रबर वाळक्या पावासारखं कडक होतं, हे त्यानं पंचवीस वर्षांत इतक्यांदा ऐकवलंय की शाळेतली पोरंसुद्धा पाढ्यासारखं म्हणून दाखवतात. टायरचं दुकान आहे आमचं. तो टायर बदलतो, मी फोन घेते आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाते.

गेल्या नोव्हेंबरात चीज करणारा बार्टल झिजलेल्या टायरांवर आला, तर रुपर्टनं भरल्या दुकानात त्याची बिनपाण्यानं केली. “बर्फावर तुझं इंजिन काय चाटायचंय? गाडी रस्त्याला धरून असते ती चार तळहातांएवढ्या रबरावर! ते धड नसेल तर गाडी घरात ठेवायची. अपवाद नाही. खुद्द पोप आला तरी नाही!” बिचारा बार्टल कान पाडून चालत घरी गेला.

तर अशा या माणसाच्या मुलीचं, आमच्या आफ्राचं, लग्न ठरलं ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, डोंगरावरच्या छोट्या चर्चमध्ये. बापलेकीनं सहा हिवाळे गॅरेजात बसून एका जुन्या लाल स्पोर्ट्स कारची हाडं जोडली होती. काम सुरू केलं तेव्हा आफ्रा चौदा वर्षांची. “तुझ्या लग्नाला हिच्यातूनच नेणार,” असं रुपर्टनं वचन देऊन ठेवलेलं. ती गाडी उन्हाळ्यापुरतीच बाहेर निघते. ऑक्टोबर संपला की तिच्यावर चादर पडते, त्यामुळे हिवाळी टायर तिला कधी घेतलेच नव्हते.

आणि शुक्रवारी पडला वीतभर बर्फ! अख्खं खोरं आमच्या दारात रांग लावून उभं. त्या गर्दीत मी विचारलं, “अरे, लाल गाडीचं काय?”

“शहरातून मागवलेत टायर. लावलेसुद्धा,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी विश्वास ठेवला. इतर बाबतींत तो थापा मारतो, मलाही माहीत आहे. पण टायरच्या बाबतीत? कधीच नाही.

शनिवारी पुढे लाल गाडीत ती दोघं, मागे दुकानाच्या व्हॅनमध्ये फुलांच्या टोपल्या घेऊन मी. रुपर्ट काय सुंदर चालवत होता! हळुवार, एका लयीत, कुठे ब्रेक नाही की धक्का नाही. पोरीच्या झग्याला जपतोय म्हणून माझा ऊर भरून आला. कसला झगा आणि काय! थांबलो तर पुन्हा निघता येणार नाही, हे ठाऊक होतं त्याला.

पण एक गोष्ट तो विसरला. आमच्याकडे नवरीची वाट शेजारी अडवतातच. रस्त्यात आडवा दोर धरायचा आणि बापानं प्रत्येकाला दारू पाजल्याशिवाय सोडायचा नाही. यानं स्वतः वीस लग्नांत तो दोर धरलाय! चर्चच्या खालच्या वळणावर, नेमक्या उभ्या चढावर, बार्टल पाच जणांना घेऊन उभा, कडेला त्याचा ट्रॅक्टर.

रुपर्टनं हॉर्न दाबला. त्यांना वाटलं, आनंदानं वाजवतोय. त्यांनी गाईंच्या घंटा वाजवल्या. गाडी थांबली. रुपर्टनं खाली न उतरता, त्यांनीच आणलेल्या बाटलीतून, खिडकीतूनच पेले भरून दिले. घाईघाईत निम्मी दारू बर्फाला पाजली. दोर खाली आला. मागची चाकं गरगर फिरली आणि गाडी निघाली. मागे!

अगं बाई गं! डावीकडे खोल ओढा.  विचार करायला वेळच नव्हता. व्हॅन पुढे सरकवली आणि तिचं नाक लाल गाडीच्या शेपटाला लावलं. कडाडकन आवाज झाला. माझी हिवाळी टायरांची चारही चाकं रोवल्यासारखी उभी राहिली, आणि दोर धरणारे धावत येऊन लाल गाडीच्या दारांना लोंबकळले.

बार्टलनं खाली वाकून टायरवर बोट फिरवलं. “रुपर्ट,” तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, “हे उन्हाळी आहेत.”

मी उतरले ती तोंडाचा पट्टा सोडतच. “लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मेल्या, पोटची पोर बसवलीस यात—”

“बुर्गी, तू थांब जरा,” बार्टल म्हणाला. “माझं गेल्या नोव्हेंबरापासून साचलंय.” आणि त्यानं छाती फुगवली. “अपवाद नाही! खुद्द पोप आला तरी—”

सगळे फिदीफिदी हसायला लागले. तेवढ्यात आफ्रा झगा सावरत बाहेर आली. चेहरा पांढराफटक. 

“बाबा, तू खोटं बोललास?”

“हो.”

“पण का? व्हॅन होती ना!”

रुपर्टचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. “व्हॅनमध्ये पुढे तीन जागा आहेत,” तो म्हणाला. “मधे तुझी आई बसली असती. बोलत.”

कुणीतरी खोकलं.

“यात दोनच जागा आहेत. गॅरेजात आपण दोघंच असायचो ना? म्हटलं, एवढी शेवटची पंधरा मिनिटं. चूक आहे ते कालपासून माहीत होतं मला. तुला काही झालं असतं तर...” 

खरं सांगते, मला राग आला. मधे बसून बोलते म्हणे! बसलेच असते. बोललेही असते, वरपर्यंत. जिभेवर दहा वाक्यं तयार होती. लग्नाच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मी ती गिळली. डोळ्यांना मात्र पाणी आलं ते आलंच.

व्हॅनची किल्ली मी त्याच्या हातावर ठेवली. “जा दोघं.”

“आणि तू?”

“मी बार्टलच्या ट्रॅक्टरवर. त्याला पुष्कळ बोलायचंय. मलाही.”

बार्टलनं ट्रॅक्टरनं लाल गाडी कडेला ओढून व्हॅनला वाट करून दिली. मग लग्नासाठी घातलेला रेशमी पोशाख गुडघ्यापर्यंत उचलून मी ट्रॅक्टरवर चढले, आणि शेतातल्या वाटेनं आम्ही वर पोचलो. घंटा झाली. पाद्रीबाबांनी दोनदा घड्याळ बघितलं. त्या वळणापासून चर्चपर्यंत आमच्या व्हॅनला चार मिनिटं लागतात, मी स्वतः कितीदा आलेय. दहा झाली. वीस झाली. नवरामुलगा ग्रेगोर कॉलर ओढत दाराकडे निघाला.

“मी बघून येतो. घसरले तर नसतील?”

बार्टलनं त्याची बाही धरली आणि त्याला परत बाकावर बसवलं.

“बस रे,” तो म्हणाला. “टायर चांगले आहेत.”