कोपरा फाडलेलं कार्ड

मंठ्याच्या बाजारात टपालवाल्यानं कार्ड हातावर ठेवलं आणि सोनूबाईनं ते अंगापासून लांब धरलं. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. असं कार्ड मयतीचंच असतं, ते घरात नेत नाहीत, हे शेंबडं पोरही सांगेल.

तिचा नवरा काकासाहेब विहिरींना सुरुंग लावण्यात पटाईत. मोठ्या जहाजांसाठी वाट खोल करायची म्हणून एका ठेकेदारानं त्याला दूरच्या बंदरात नेलं होतं, पाण्याखालचा खडक फोडायला. विहिरीत सुरुंग पेटवून वर पळता तरी येतं; समुद्रात माणूस पळणार कुठं? याच धास्तीनं तिनं धाकट्या भावाला, बद्रीनाथला, मागं लागून लागून सोबत धाडलं होतं.

कार्ड वाचून घ्यायला ती जेठमल शेटजींच्या दुकानाशी आली. शेटजींनीही कार्ड आत नेलं नाही, पायरीवरच वाचायला घेतलं.

"भिऊ नका बाई. कार्ड काकासाहेबांनीच लिहून घेतलंय."

सोनूबाईनं कपाळावरच्या कुंकवाला हात लावला. जीव भांड्यात पडला, तसा रागही आला. "मंग कोपरा कशाला फाडायचा? जीव घेतला की माझा."

शेटजींनी उरलेल्या ओळी मनातच वाचल्या. मग चष्मा काढला.

"बाई, बद्रीनाथ तुमचा कोण?"