रेघांचा डोळा

आर्डिथ कोलारने भिंगाला डोळा लावला आणि तिचा चेहराच उतरला. फिल्मवर मक्याचं शेत असायला हवं होतं. तिथे दिसत होतं ते ओल्या रंगावरून कुणीतरी बाही फिरवल्यासारखं काहीतरी.

"सरक, बघू दे," वर्कशॉपचे मालक मिस्टर ट्रॅनबर्ग म्हणाले. काचेखाली दिवा असलेल्या त्या टेबलावर ते ओणवे झाले आणि फिल्मची एकेक चौकट भिंगाखालून सरकवू लागले.

इलिनॉयमधल्या त्या छोट्या विमानतळाला लागूनच त्यांचं वर्कशॉप होतं. विमानाच्या पोटात बसवायचे, जमिनीचे फोटो काढणारे कॅमेरे तिथे बनत. विमान कमी उंचीवरून आणि वेगात गेलं की जमीन कॅमेऱ्यासमोरून धावते, आणि फोटो फरफटतो. त्यावर उपाय जुनाच: कॅमेऱ्याची झडप उघडी असेतोवर फिल्मही चित्राबरोबर त्याच वेगाने सरकवायची. पण कुठल्या वेगाने? ते वैमानिक अंदाजाने ठरवायचा आणि बटण फिरवायचा. अंदाज चुकला, की फोटोची खिचडी.

आर्डिथ काही इंजिनिअर नव्हती. काचेवर बारीक रेघा मारायच्या, या कामासाठी तिला घेतलं होतं, आणि रेघा मात्र ती अशा मारायची की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं. गेल्या वसंतात भावाच्या पिकअपमधून स्मशानाच्या कुंपणाजवळून जाताना फळ्यांमधून ऊन तिच्या तोंडावर लुकलुकलं. भावाने वेग वाढवला, लुकलुकणं वाढलं. झालं! घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात सगळं तयार होतं. रेघांच्या काचेमागे उजेड ओळखणारा एक विजेचा घट ठेवायचा. खालची जमीन रेघांआडून धावली की उजेड लुकलुकणार, घट ते मोजणार, आणि फिल्मला सांगणार, बाई गं, एवढ्या वेगाने पळ. बटण नको, अंदाज नको. ती जुळणी चाचणीपुरती बनली, आणि सगळे तिला 'डोळा' म्हणू लागले.

वर्कशॉपचा नियम असा, की ज्याला काही सुचेल त्याने ते आपल्या बांधीव वहीत शाईने लिहायचं. पानांवर आकडे छापलेले, फाडायची सोय नाही. मग विषय कळणाऱ्या दुसऱ्या माणसाने खाली 'वाचलं, समजलं' असं लिहून सही करायची. ती सही नसेल तर कल्पना कुणाचीच नाही. आर्डिथचं एक्केचाळिसावं पान सहा आठवडे सहीविना पडून होतं.

"डोळा बंद होता तेव्हा फरफटलंच," ट्रॅनबर्ग शेवटी म्हणाले. "चालू केल्यावर आणखी फरफटलं. शुक्रवारी नौदलाचे लोक येतायत. त्यांना बटणाचाच कॅमेरा दाखवू. तुझा डोळा कपाटात."

"आणि माझं पान?"

"मला न समजलेल्यावर मी सही करत नाही. आईच्या मृत्युपत्रावरसुद्धा केली नव्हती."

आर्डिथ रडली वगैरे नाही. तिने मोजपट्टीचं भिंग ओढलं आणि धावपट्टीवर रंगवलेले पांढरे पट्टे किती फरफटलेत ते मोजायला घेतलं. डोळा बंद, म्हणजे फिल्म जागच्या जागी, असताना अकरा घरं, चालू असताना बावीस. वेगळ्या उंचीवरून नऊ, आणि अठरा. तिसरी जोडी, सात आणि चौदा.

बिघडलेलं यंत्र इतकं शिस्तीत वागतं होय?

जेवणाच्या सुट्टीत ती हँगरमध्ये सँडविच समोर घेऊन नुसती बसली. वैमानिक लाइल प्रूएट विमानाच्या चाकाला टेकून चवीने खात होता.

"काय गं, कोण गेलं?"

"माझा डोळा."

"गेला? बरं झालं! ते धूड बसवल्यापासून थर्मॉस ठेवायला जागा नव्हती. शेवटी मेकॅनिकच्या मागे लागून उलटं करून घेतलं, तेव्हा कुठे कोपरा मिळाला."

आर्डिथचं सँडविच खाली पडलं. "काय उलटं करून घेतलंस?"

"कॅमेरा. चौकोनी चौकट, चार बोल्ट. फिरवला अर्धा, बसला. तोंड खालीच आहे की!"

"लाइल, फिल्म उलटी पळाली रे!"

"मग बाण का नाही काढलास? जुन्या कॅमेऱ्यावर लाल बाण असतो, विमानाच्या नाकाकडे. तुझा म्हणे स्वतःच सगळं बघणार! दोन आठवडे हेच ऐकतोय."

आर्डिथ उठून ऑफिसकडे निघाली. ऑफिसच्या दारापर्यंत जाताना तिच्या मनात येऊनही गेलं, की 'लाइलने कॅमेरा फिरवला' एवढंच सांगावं. खोटं थोडंच होतं? पण दार उघडलं आणि तोंडातून निघालं ते दुसरंच.

"मिस्टर ट्रॅनबर्ग, कॅमेरा उलटा बसला होता, पण खरी चूक माझी आहे. गाडी कुंपणाजवळून इकडे गेली काय, तिकडे गेली काय, ऊन तेवढंच लुकलुकतं. माझा डोळा वेग ओळखतो, दिशा नाही. म्हणून फिल्म बरोब्बर वेगाने उलटी पळाली. म्हणून दुप्पट." तिने आकडे पुढे केले.

ट्रॅनबर्गनी तिन्ही जोड्या वाचल्या. "दिशेचं हे वहीत लिहिलंयस?"

"नाही."

"मग सहा आठवडे मी काय समजून घ्यायचं होतं?" त्यांनी खिडकीतून आभाळ पाहिलं. "प्रूएटला म्हणावं, ऊन आहे तोवर उड."

आर्डिथने पर्समधली लाल नेलपॉलिश काढली आणि कॅमेऱ्यावर वीतभर बाण रंगवला. मेकॅनिकने चार बोल्ट काढले, बाण विमानाच्या नाकाकडे येईल असा कॅमेरा फिरवला आणि बोल्ट परत घातले.

"अन् माझा थर्मॉस?" लाइल विमानात चढता चढता ओरडला.

"मांडीवर घे!"

चारच्या सुमारास ओली फिल्म त्या उजेडाच्या टेबलावर आली. मक्याच्या ओळी कंगव्याने विंचरल्यासारख्या. पांढरे पट्टे सुटेसुटे. हँगरच्या दाराशी मेकॅनिक टोपी हलवत उभा, आणि टोपीची कडसुद्धा दिसत होती. ट्रॅनबर्गनी भिंग ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं.

तोवर आर्डिथने एक्केचाळिसाव्या पानाच्या तळाशी, उरलेल्या जागेत दाटीवाटीने लिहिलं होतं: या डोळ्याला दिशा कळत नाही, बाण पाळावा. ट्रॅनबर्गनी पान वरपासून वाचलं. एका जागी थांबून रेघांमधलं अंतर विचारलं, तिने सांगितलं. मग त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं, वाचलं, समजलं. सही. तारीख.

वही तिच्याकडे सरकवताना त्यांची बाही शाईवरून गेली आणि सही जराशी फरफटली.

"अरेच्चा," ते म्हणाले.

"राहू दे," आर्डिथ म्हणाली. "वाचता येतंय."