मी आरोपीच्या पिंजऱ्याचा कठडा

मी आरोपीच्या पिंजऱ्याचा कठडा बोलतोय. घाबरू नका, नुसतं ऐकायला आलेल्याला मी आत घेत नाही.

मी जातीचा फणस. भिकू सुतार मला रंधत होता तेव्हा शेजारीच एक पाळणा तयार होत होता. पाळण्याला बाळ मिळालं, मला आरोपी. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका फौजदारी कोर्टात मी उभा राहिलो तो आजतागायत.

माणसांचे तळहात मला चांगले कळतात. घाम चोरालाही येतो आणि साध्यासुध्या माणसालाही, म्हणून घामावरून मी कुणाला ओळखत नाही. बाकांवर बसलेल्यांना मात्र एवढाही धीर नसतो. माझ्यामागे कुणी उभं राहिलं, की त्यांचा निकाल तयार.

जयमालाबाई आल्या तेव्हाही तसंच झालं. नागावला त्या पर्यटकांना घरी उतरवतात, जेवू घालतात. शेजारचा हरेश्वर समुद्रावर जेट-स्की चालवतो आणि तिची दोरी रोज बाईंच्या फाटकाला बांधायचा. पाहुण्यांना फाटक उघडेना. एके सकाळी बाईंनी रागारागाने गाठ सोडली. झावळ्यांच्या कुंपणापलीकडे हरेश्वर तीच दोरी ओढत होता. दोरी एकदम सुटली तसा तो मागच्या मागे पडला, मनगट मोडलं. चिडून त्याने पोलिसांना सांगितलं, "बाईने मला ढकललं."

न्यायाधीश मॅडमनी आरोप वाचला. "तुम्ही हरेश्वर यांना इच्छापूर्वक गंभीर दुखापत केली, असं म्हणणं आहे. समजलं? गुन्हा कबूल आहे?"

"त्याचा हात मोडला तो माझ्यामुळंच. न्हाय कसं म्हणू?" बाई म्हणाल्या. "कबूल म्हणते आन् जाते घरी. पाहुणे यायचेत."

माझा तर जीव करकरला. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"वकील आहे तुम्हाला?"

"न्हाय."

"मग आज मी काही लिहून घेत नाही. कोर्टाकडून मोफत वकील मिळेल, तो तुमचा हक्क आहे. आधी आरोप समजून घ्या, मग बोला."

विधी सेवा समितीकडून हेतल नावाच्या तरुण वकीलबाई आल्या. कोर्टात सामसूम झाल्यावर त्या माझ्यावरच कोपर टेकून उभ्या राहिल्या.

"ताई, 'इच्छापूर्वक' या शब्दावर सगळं अडलंय. त्याला लागावं म्हणून, किंवा लागेल हे ठाऊक असून गाठ सोडलीत का?"

"तो पलीकडं हाय, हेच मला ठावं नव्हतं."

"मग कबूल म्हणणं म्हणजे न केलेली गोष्ट केली म्हणणं."

"पण मला वाईट वाटतंय, त्याचं काय?"

"वाईट वाटणं हा गुन्हा नाही. ते नंतर सांगा त्याला. आत्ता गप्प राहिलात तरी चालेल, तेवढ्यावरून कुणी तुम्हाला दोषी धरणार नाही. गुन्हा सिद्ध करायचं काम सरकारी वकिलांचं."

पुढच्या तारखेला बाई ताठ उभ्या राहिल्या. "गुन्हा कबूल न्हाय," त्यांनी सांगितलं. खटला चालला. हरेश्वर साक्षीला आला, शपथ घेतली.

"दोरी तुमच्या हातात आहे, हे जयमालाबाईंना दिसत होतं?" हेतलनी विचारलं.

हरेश्वरने बराच वेळ मनगट चोळलं. "न्हाय. मधे झावळ्यांचा कूड होता."

"मग ढकललं कसं?"

"ढकललं न्हाय. रागात बोललो मी तसं."

जयमालाबाईंची निर्दोष मुक्तता झाली. तरी त्या मला धरून उभ्याच.

"ताई, आता जाऊ शकता तुम्ही."

"आता बोललं तर चालतंय न्हवं?"

हेतल हसल्या. बाई थेट हरेश्वरकडे गेल्या. "भाऊ, मनगट कसं हाय? त्या दिवशी बघून गाठ सोडायला हवी होती मी."

हरेश्वरची मान खालीच होती. "बरं हाय आता. दोरी मी दुसरीकडं बांधतोय, वहिनी."

दोघं बाहेर पडली आणि शिपायाने पुढचं नाव पुकारलं.

आता माझं पॉलिश गेलंय, एक खिळा सैल झालाय. तुमच्यापैकी कुणी इथे येऊ नये, हीच माझी इच्छा. पण आलातच, तर 'कबूल' हा शब्द घाईत टाकू नका. आरोप कळला नाही तर पुन्हा वाचून घ्या. वकील मागायला लाजू नका. आणि पाय लटपटले तर खुशाल माझ्यावर भार टाका. मी फणसाचा आहे, पेलेन.