बर्फात घालून आणलेलं रक्त

मी रक्ताची नळी बोलतेय. नाक मुरडू नका, तुमचंच रक्त असतं माझ्यात.

कारखान्यातून गवतात गुंडाळून मी जळगावला आले, मगनभाऊंच्या रक्त तपासायच्या दुकानात. तिथून मला अमळनेरच्या डॉक्टरांकडे रिकामी धाडत, भरून परत आणत.

त्या वैशाखात माझ्यात धुरपदाचं रक्त भरलं. तरणी बाई, खोकून खोकून बरगड्या धरलेल्या. गावानं क्षय ठरवूनच टाकला होता. सासूनं, सुगंधाबाईनं, ताट वेगळं केलं, अंगावरची लेक काढून घेतली.

डॉक्टर म्हणाले, "मला हा वेगळाच न्युमोनिया वाटतो. यात रक्तात एक द्रव्य येतं, ते गारव्यात रक्ताचे कण एकमेकांना चिकटवतं. ते सापडलं तर क्षयाचं नाव पुसता येईल." तिच्या नवऱ्याला, लोटनला, बजावलं, "नळी अंगाशी धरून ने. गार होऊ देऊ नको."

मोटारस्टँडवर सुगंधाबाई आडवी आली. "इतलं ऊन! दूध नासस, मंग रगत नासाव नई का? बरफमा घाल."

"डॉक्टर नई म्हणना, माय."

"डॉक्टरनी दूध तापाडेल शे का कधी?"

लोटननं घेतला गोळेवाल्याकडून बर्फ आणि मला त्यात गाडलं. रक्ताचे कण चिकटले. जे शोधायचं, ते द्रव्यही त्यांनाच चिकटून तळाशी बसलं. वर राहिलं पिवळं पाणी. तपासायचं नेमकं तेच.

मगनभाऊंनी फडकं सोडलं. "वा! बर्फात आणलंस? शहाणा आहेस. बाकीचे उन्हात शिजवून आणतात."

मेल्या, मुठीत धर मला! ऊब लागली की सगळं सुटून वर येईल! पण नळीचं कोण ऐकतो? वरचं पाणी तपासलं, 'काही नाही' लिहून दिलं.

सुगंधाबाईनं त्याचा अर्थ गावभर लावला: क्षयच. धुरपदाला माहेरी धाडलं. लेक ठेवून घेतली.

पावसाळा सरता सरता धुरपदा भावाबरोबर दुकानात आली. खोकला आपसूक गेलेला, छातीचा फोटो स्वच्छ. बर्फाचं ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला होता.

"आमना माणूस गावभर सांगस, बरफसाठे तुम्हीन शाबासकी दिन्ही," ती म्हणाली. "आते येईसन सासूले सांगा, चूक व्हयनी. माले मन्ही पोर जोयजे."

मगनभाऊ माझं बूच पुसत बसले. "आलो असतो हो अक्का. पण दुकान कोण बघणार?"

ती निघून गेली. तिचा भाऊ दारात थुंकला.

आता माझ्या काठाला चीर गेलीय, उद्या केरात जाईन. त्याचं काही नाही. पण तिकडे ती पोर एव्हाना आजीलाच माय म्हणू लागली असेल. मगनभाऊ, एक दिवस दुकानाला कुलूप घाला. अमळनेरची मोटार सकाळीच सुटते.