सून आधी जेवली

माझी पहिली गोष्ट छापून आली आणि ओतुरातल्या पाच बायकांना एकाच आठवड्यात कळलं की ती आपल्यावरच लिहिली आहे. पाचही जणी आमच्या जैन समाजातल्या आणि पाचही जणींना अक्षरओळख नाही. कुणी तरी वाचून दाखवलं आणि यांच्या अंगाला खाज सुटली. पुण्यातले मोठे लेखक कीर्ती कीर्ती म्हणतात ती हीच असावी.

मी कंचनबाई. पेठेत मिश्रीलाल यांचं किराणा दुकान आहे, त्यांची बायको. माहेर जुन्नरचं. वडिलांनी मला मराठी शाळेत घातलं, पाचवीपर्यंत शिकवलं आणि मग ओतूरला देऊन टाकलं. म्हणजे आधी डोळे उघडले आणि मग त्यांवर हनुवटीपर्यंत पदर ओढला. मी लिहिते. का लिहिते, हे मला विचारायचं नाही. पापड का लाटतेस, असं कुणी विचारतं का?

लिहिणाऱ्यांची दुःखं मी मासिकांतून वाचली आहेत. कुणाची प्रतिभा रुसते, कुणाला एकांत मिळत नाही. माझी प्रतिभा कधी रुसली नाही, तिला रुसायला सवडच नव्हती. रात्री लिहावं, तर चातुर्मासात दिव्यावर किडे येऊन मरतात. सासूबाई, म्हणजे प्यारीबाई, दारात येऊन उभ्या राहायच्या.

"एका वळीपायी किती जीव घेशील गं?"

मी दिवा विझवायची. जीव मारू नये हे मलाही मनापासून पटतं. म्हणून तर जास्त संताप यायचा. उरला दिवस. त्यात दुपारी माळवदावर पापड वाळत घातले की राखणीला बसायचं काम माझं. एका हातात कावळ्यांसाठी काठी, दुसऱ्या हातात बोरू. माझ्या गोष्टींत वाक्यं तोकडी असतात, असं एका संपादकांनी कळवलं होतं. त्यांनी एकदा कावळे हाकलत लिहून बघावं.

या संपादक लोकांनी माझ्या तीन गोष्टी परत पाठवल्या. पहिली परत आली, कारण भाषेला मारवाडी वळण आहे. आमचं घराणं मारवाडातून येऊन कितीक पिढ्या झाल्या, मला मारवाडीतून धड भांडताही येत नाही. दुसरी परत आली, कारण स्त्रीने इतकं कडू लिहू नये. तिसरीबरोबर चिठ्ठी होती की गोष्ट आपल्या यजमानांनी लिहून दिलेली दिसते, ते चालणार नाही. ही चिठ्ठी वाचून आमचे यजमान दोन दिवस छाती काढून दुकानात बसले होते. मी मात्र त्या दिवशी चुलीपुढे बसून रडले. रडले आणि दुसऱ्या दिवशी पापडांच्या राखणीला बसताना कागद घेऊन गेले.

चौथी गोष्ट छापली. तिचं नाव 'आठाई'.

आमच्या पर्युषणात आठ दिवस नुसत्या पाण्यावर उपास करतात, ती आठाई. मोठं तप आहे, मी त्याची थट्टा करत नाही. माझ्या गोष्टीतली सासू आठाई करते. तिची वाजतगाजत मिरवणूक निघते, गावोगावचे पाहुणे येतात. सून सातव्या महिन्याची. आठ दिवस ती पाहुण्यांच्या पंगती उठवते, आणि तिच्यासाठी पातेल्यात काही उरत नाही. म्हणजे घरात दोन बायका उपाशी आणि तप एकीचंच मोजलं जातं. नवव्या दिवशी पारणं. सगळा गोतावळा सासूच्या पहिल्या घोटाची वाट बघत बाहेर बसलेला. सून आत मुगाचं पाणी गाळायला जाते, तिची नजर शिंक्यावरच्या भाकरीवर पडते. ती खाली बसते, भाकरी आणि गूळ घेते आणि सावकाश, पोटभर जेवते. मग हात धुऊन मुगाचं पाणी बाहेर घेऊन जाते. संपली गोष्ट.

निदान मी तिथं संपवली होती. जुन्नरहून टपालाने मासिक आलं, ते मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचलं. शेवटाला आले आणि हातातली पळी खाली पडली. छापलेली सून भाकरी खाते आणि लगेच तिला उपरती होते. ती धावत जाऊन सासूचे पाय धरते, "मी पापिणी, मला क्षमा करा" म्हणते, सासू तिला पोटाशी धरते आणि सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी येतं. संपादकांना मी कडक पत्र लिहिलं. त्यांनी कळवलं की वाचकांना समाधान वाटावं म्हणून किंचित हात फिरवला आहे. माझं नाव मात्र त्यांनी गावासकट बिनचूक छापलं होतं.

त्यानंतर त्या पाच बायका. सगळ्यांत आधी आल्या भंवरीबाई, समाजाचे पुढारी धरमचंद शेठ यांच्या पत्नी. गेल्या वर्षी त्यांनी आठाई केली होती.

"गोष्टीतल्या मिरवणुकीत ताशा हाय," त्या म्हणाल्या. "वतुरात ताशा फकस्त माझ्याच मिरवणुकीत व्हता."

"मग काकीसा, तुमच्या सुनंलाबी उपाशी ठेवलं व्हतं का?" मी विचारलं.

त्या ताडकन उठून गेल्या. खाई त्याला खवखवे. ती सासू नक्की कोण, हे खरं तर मलाही सांगता येणार नाही. ताशा भंवरीबाईंचा होता. सुजलेले पाय माझे होते, कारण तीन वर्षांपूर्वी आमच्या सासूबाईंनी आठाई केली तेव्हा मी सातव्या महिन्याची होते. बाकीचं इकडून तिकडून. गोष्ट अशीच शिजते.

आणि सासूबाई? त्यांनी मुलाकडून सगळी गोष्ट वाचून घेतली आणि एक चकार शब्द काढला नाही. त्यांच्या त्या गप्प बसण्याची मला पाचही बायकांपेक्षा जास्त भीती वाटत होती.

श्रावणातली कपर्दिकेश्वराची जत्रा उलगडली आणि पाठोपाठ आमचे पर्युषण लागले. पहिल्याच दिवशी यजमान दुकानातून घरी आले ते मान खाली घालून.

"धरमचंद शेठ आलते," ते म्हणाले. "संवत्सरीला स्थानकात सगळ्यांम्होरं तू खमवायचं आन् लेखणीचं पचखाण घ्यायचं. मी हो म्हणालोय."

स्थानक म्हणजे साध्वी उतरतात, प्रवचनं होतात ती आमची जागा. संवत्सरी हा पर्युषणाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी वर्षभरात ज्याला ज्याला दुखवलं त्याची क्षमा मागायची, ते खमवणं. आणि पचखाण म्हणजे एखादी वस्तू सोडल्याची शपथ. कुणी वांगी सोडतं, कुणी रात्रीचं जेवण.

"आगं, लोक वांगी सोडत्यात, तशी लेखणी सोड," यजमान मला समजावत होते. "वांगीबी चवीला चांगलीच असत्यात की."

त्यांना वाटलं हे साधं आहे. पण मी श्रद्धेची बाई आहे. साध्वींपुढे हात जोडून घेतलेलं पचखाण माझ्याकडून मोडलं गेलं नसतं, मग माझे यजमान, धरमचंद शेठ आणि सगळं ओतूर पाया पडत आलं असतं तरी. एकदा तोंडातून शब्द गेला की माझ्या लेखणीला जन्माचं कुलूप. त्या आठ दिवसांत मी कामं केली, प्रवचनं ऐकली, आणि पावसाने उघडीप दिली म्हणून घातलेले पापड राखताना कोऱ्या कागदाकडे बघत बसले. कावळ्यांनी त्या वर्षी बरेच पापड नेले.

संवत्सरीला सगळ्यांचाच कडक उपास. स्थानक गच्च भरलं होतं, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. चातुर्मासासाठी आलेल्या महासतीजी पाटावर बसल्या होत्या. वयस्कर साध्वी, तोंडाला पांढरी मुहपत्ती, त्यामुळे नुसते डोळे बोलायचे. प्रवचन संपलं तसे धरमचंद शेठ उठले.

"महासतीजी, आमच्या एका सुनंच्या लिव्हण्यानं समाजाची लई बदनामी झालीया. तिनं आज समद्या बायांना खमवावं, आन् तिला लेखणीचं जल्माचं पचखाण द्यावं."

"तिची इच्छा आहे?" महासतीजींनी विचारलं.

"हाय," पुरुषांतून आमच्या यजमानांचा आवाज आला.

मी उभी राहिले. पदराआड माझा चेहरा कुणाला दिसत नव्हता. पदराचा एवढा तरी उपयोग.

"महासतीजी, मला पचखाण घ्यायचं हाय. पण आधी येक दुसरं द्या. खोटं न बोलण्याचं. जल्माचं."

"वा!" धरमचंद शेठ खूश झाले. "आधी त्येच द्या!"

महासतीजी माझ्याकडे वळल्या. "नीट विचार केलास, बाई? बाजारपेठेत राहून हे व्रत अवघड असतं."

पुरुषांच्या बाजूला दोघातिघांना एकदम खोकला आला. मी हात जोडले. महासतीजींनी पाठ म्हटला, मी मान लववली. झालं पचखाण.

"आता शेठजी," मी म्हणाले, "मला पस्तावा झालाय का, ते इचारा."

शेठांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते व्यापारी माणूस, सौदा कुठं फसला हे त्यांना लगेच कळलं. मनात नसताना मी क्षमा मागितली तर ते खोटं, आणि घेतलेलं पचखाण जो दुसऱ्याला मोडायला लावतो, पाप त्याच्या माथी बसतं. हे त्यांनीच आम्हाला दर वर्षी उभं राहून सांगितलेलं. पण भंवरीबाईंना दम निघाला नाही.

"झालाय का न्हाई? सांग की!"

"न्हाई," मी म्हणाले.

स्थानकात कुजबूज उठली. आता उठलेच आहे तर, असं म्हणून मी पदर कपाळापर्यंत वर घेतला. "कुणाचा जीव दुखला आसंल तर त्या दुखण्यापायी मी हात जोडून खमवते. तुमाला, आन् समद्या जीवांना. पर लिव्हलं त्येचा पस्तावा न्हाई, आन् लेखणी सोडायची माझी विच्छा न्हाई. मला येकाच गोष्टीचं वाईट वाटतं. छापलेला शेवट माझा न्हाई. माझी सून कुणाच्या पाया पडत न्हाई. ती आत बसून भाकरी-गूळ खाती, पोटभर, आन् मग सासूला मुगाचं पाणी नेती. ती आधी जेवती!"

बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. कोण ते मी पाहिलं नाही, आणि मला ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. पचखाण खोटं न बोलण्याचं आहे, गप्प न बसण्याचं नाही.

"महासतीजी, लेखणीचं पचखाण..." शेठ अजून सोडत नव्हते.

"पचखाण मनाने घ्यायचं असतं, शेठजी. दुसऱ्याच्या तोंडात घालता येत नाही," महासतीजी म्हणाल्या. "बसा."

शेठ बसले. घरी आल्यावर यजमान म्हणाले, "मी हाय म्हणालो, ते खोटंच व्हतं म्हणा की." मी म्हणाले, "व्हय." काय करणार, व्रतच तसं घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. मी मुगाचं पाणी गाळत होते, तेवढ्यात सासूबाई आत येऊन चुलीपाशी बसल्या. सुनेने आधी सासूला द्यायचं, ही आमची रीत. त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली, बघितली आणि माझ्याच पुढे ठेवली.

"पी आधी."

मी प्याले. माझे डोळे भरून आले, पण ते मी चुलीच्या धुरावर ढकललं. तोंडाने ढकललं नाही, म्हणून चालून गेलं.

"त्या तुझ्या सुनंनं काय खाल्लं म्हणालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"भाकर आन् गूळ."

"कोरडी?"

"कोरडी."

"आठ दिसांची उपाशी पोरगी, त्यात सातवा म्हैना, आन् कोरडी भाकर?" सासूबाई रागावल्या. "लिव्हती म्हणं! भाकरीवर चांगलं तूप घाल तिच्या. आता लिव्हशीलच की पुन्यांदा, तवा घाल."

आता बघा. संपादकांनी शेवट बदलला, शेठ लेखणी बंद करायला निघाले, आणि ज्या एका माणसाच्या शब्दासाठी मी महिनाभर जीव मुठीत धरून होते, ते माणूस अखेर माझ्या बाजूचं झालं. झालं, आणि त्याच क्षणी त्यालाही गोष्टीवर किंचित हात फिरवावासा वाटला! लिहिणाऱ्याला सुटका म्हणून नाही. एखादी शहाणी असती तर या वेळी मान डोलावून मोकळी झाली असती. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने वाटी पुढे केली होती, त्यांचं मन राखायला एक पळीभर तूप काय जड होतं?

"तूप न्हाई घालता यायचं, सासूबाई," मी म्हणाले.

"का गं?"

"खोटं न बोलायचं पचखाण हाय माझं. त्या घरात तुपाच्या बरणीला कुलूप असतं, आन् किल्ली सासूच्या कंबरंला."

सासूबाईंचा हात आपसूक कमरेच्या जुडग्यावर गेला आणि तिथंच राहिला. बाहेर यजमान पारण्यासाठी हाका मारत होते. आम्ही दोघीही उठलो नाही.